बेडका नीट आला तर अर्धी तपासणी झाली: पाड्यावर टीबीचे नमुने कसे घ्यावेत, कुठे आणि कसे तपासावेत

काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली की पहिल्या पाच-सहा फिल्डमध्येच कळतं, डबीत फुप्फुसातला बेडका आलाय की तोंडातली लाळ. लाळ असली की मोठमोठ्या सपाट पेशी दिसतात आणि पूपेशी शोधाव्या लागतात. अशा काचपट्टीपुढे रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिताना माझा हात थांबतो. निगेटिव्ह कोण, माणूस की नमुना?

नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी गेली सतरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. सुरुवातीला फक्त मायक्रोस्कोप होता. मग जिल्ह्याला सीबीनॅट आलं, पुढे ट्रूनॅट जवळ आलं; दोन्ही बेडक्यातल्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रं. यंत्र पाड्याच्या दिशेने सरकत गेलं, पण डबी हातात द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली: “यात थुंका आणि उद्या आणून द्या.” माणूस थुंकतो. थुंक म्हटल्यावर तो थुंकणारच.

रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. बेडका कसा काढायचा हे नमुन्याआधी ज्या बायकांना नीट समजावलं, त्यांच्यात १३ टक्क्यांचे नमुने पॉझिटिव्ह निघाले. ज्यांना नेहमीसारखी नुसती डबी दिली, त्यांच्यात ८ टक्के. तोच दवाखाना, तोच मायक्रोस्कोप. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. चारचौघांत खाकरणं, बेडका काढणं बाईमाणसाला शोभत नाही हे आपल्याकडेही लहानपणापासून शिकवतात, त्यामुळे मला या आकड्याचं नवल वाटलं नाही. तपासणी सोपी करायची म्हणजे नवं यंत्र आणायचं, असा एक समज आहे. यंत्र हवंच, पण त्याआधी समजावण्याची ती दोन मिनिटं हवीत.

पुढचं सगळं आशाताई, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था आणि घरात कुणी खोकणारं असलेल्या माणसांसाठी आहे. एका पाड्यावर एक दिवस नमुने घ्यायचे आणि शक्य तितके त्याच दिवशी तपासून निकाल द्यायचा, हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

पहिली पायरी: तारीख ठरवा आणि दारोदार विचारा

आधी तारीख. आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा पाडा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला नाहीतर वीटभट्टीवर गेलेला असतो. तेव्हा शिबिर ठेवलं तर म्हातारी माणसं आणि कोंबड्याच भेटतात. दसऱ्याच्या आधी किंवा होळीनंतर ठेवा. ऊसतोडीच्या भागात तुमचं वेळापत्रक वेगळं असेल, ते आशाताईला विचारा. बाजाराचा दिवस टाळा.

मग विचारायचं कसं? “टीबीची लक्षणं आहेत का?” असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि दार लागतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी अंगात येणारा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त या गोष्टी विचारायच्या आहेतच, पण त्यांच्या बोलीत विचारा. वजन कुणी मोजलेलं नसतं. “मावशी, पोलका सैल झालाय का गं?” या प्रश्नाला बरोबर उत्तर मिळतं. पुरुषाला पट्ट्याचं भोक विचारा. “खोकल्याने झोपमोड होते का?” हे नवऱ्यापेक्षा बायकोला विचारलेलं बरं. आणि “हा तंबाखूचा खोकला आहे” किंवा “मशेरीने होतं” असं कुणी सांगितलं, तर ते नाव यादीतून खोडू नका, उलट वर घ्या.

लक्षणं नसली तरी काही घरं चुकवायची नाहीत: गेल्या दोन वर्षांत जिथे टीबीचा रुग्ण होता ते घर, मधुमेही, एचआयव्ही असलेले, फार खंगलेले, दगडखाणीत काम केलेले आणि आधी टीबीची औषधं घेतलेले.

२०१९ ते २०२१ या काळात देशात क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्यांपैकी साधारण ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेही गेलेले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, म्हणजे नुसती लक्षणं विचारून ते हाती लागलेच नसते. म्हणून हातात धरून काढायचं बॅटरीवरचं एक्स-रे यंत्र तालुक्याला मिळत असेल तर त्याचीच तारीख आधी पकडा आणि शिबिर तिच्याभोवती बांधा. त्याच्या जोडीला फोटो वाचणारं संगणकीय सॉफ्टवेअर असतं. १५ वर्षांवरच्यांसाठी त्याचा वापर करायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. सॉफ्टवेअरने डाग दाखवला म्हणजे टीबी ठरला असं नाही, त्या माणसाचा बेडका तपासायचा एवढाच त्याचा अर्थ. गरोदर बाईचा एक्स-रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका.

दुसरी पायरी: जागा

शाळेची खोली मिळते म्हणून लोक तिथे बसतात. नको. बेडका काढताना खोकल्यातून जंतू हवेत उडतात आणि बंद खोलीत ते तासन् तास तरंगतात. उघड्यावर, वारा खेळता असेल अशी जागा हवी. ऊन असेल तर आणखी चांगलं. संडासात किंवा न्हाणीघरात तर मुळीच पाठवू नका.

पण उघड्यावर म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नव्हे. आम्ही दोन बांबूंना जुनी साडी बांधून आडोसा करतो, वरून आणि एका बाजूने मोकळा. बायकांसाठी वेगळा, पुरुषांपासून बऱ्यापैकी लांब. या एका साडीने आमच्या बायकांच्या नमुन्यांचा दर्जा जितका सुधारला, तितका कुठल्या प्रशिक्षणाने सुधारला नसेल.

वारा कुठून येतो ते बघा. चिमूटभर माती सोडली तरी कळतं. वारा तुमच्या पाठीकडून खोकणाऱ्याकडे जायला हवा. तुमच्या तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. एका वेळी आडोशात एकच माणूस, आणि तुम्ही बाजूला, समोर नाही.

सामानात रुंद तोंडाच्या, पारदर्शक, आटे असलेल्या झाकणाच्या डब्या लागतील, यादीतल्या नावांच्या दुपटीने. त्याशिवाय फाल्कन ट्यूब (झाकणाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या), न पुसणारा मार्कर, चिकटपट्टी, झिपची पाऊचं, बर्फाचे पॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरियरसारखा डबा, ब्लीचचं द्रावण, कापूस आणि प्यायचं पाणी. पाणी भरपूर घ्या, ते नेहमी कमी पडतं. व्हॅक्सिन कॅरियर लसीचा उचलायचा नाही. नमुन्यांचा वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा.

तिसरी पायरी: बेडका काढून घेणं

इथे घाई करायची नाही.

आधी तोंड. मशेरी, तंबाखू, गुटखा, पान, भाकरीचे कण, सगळं नमुन्यात येतं. पहिल्या वर्षी मी एका तपकिरी नमुन्याला जुनं रक्त समजले होते, ती मशेरी होती. दोन-तीन वेळा साध्या प्यायच्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा. बाजारातलं माउथवॉश नको, जंतुनाशक औषध नमुन्यात उतरतं. कवळी असेल तर काढून ठेवायला सांगा.

मग स्वतः करून दाखवा. तोंडी सांगणं पुरत नाही. मी समोर बसते, पाठ सरळ ठेवते आणि म्हणते: “माझ्याबरोबर करा. नाकाने खोल श्वास घ्या, पोटापर्यंत. धरा. एक, दोन, तीन. सोडा. पुन्हा एकदा. आता तिसऱ्यांदा घ्या आणि छातीच्या तळातून खोका.” माझा एक हात माझ्याच बरगड्यांच्या खाली असतो. खोकला घशातून आला तर हात हलत नाही, खालून आला तर पोट आत ओढलं जातं. त्यांनाही हात तिथेच ठेवायला सांगा. घशातला ‘खर्र’ आणि छातीतला ‘खळ्ळ’ यांतला फरक एकदा कळला की माणूस पुन्हा चुकत नाही.

डबी खालच्या ओठाला टेकवून धरायची, बेडका आला की आत सोडायचा, झाकण लगेच घट्ट लावायचं. डबीच्या बाहेर सांडलं तर ती डबी ब्लीचच्या कापसाने पुसायची. किती हवा? दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक चहाचा चमचा. एकाच खोकल्यात येत नाही. दम खाऊ द्या, पुन्हा करा, त्याच डबीत.

एक आजी आठवतात. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा डबीत फेसच. “माझ्यात काय हाय आता, बाळा,” असं म्हणून उठायला लागल्या. आशाताई म्हणाली, “आजी, जरा अंगणात दोन चकरा मारून या, मग चहा घेऊ.” त्या चकरा मारताना धाप लागली, धापेबरोबर खोकला आला आणि आशाताई डबी घेऊन मागे धावली. पिवळसर, चिकट, डबी तिरकी केली तरी काचेला धरून राहणारा बेडका. तेव्हापासून ज्यांना येत नाही त्यांना आम्ही आधी चालायला लावतो. कोमट पाणी किंवा चहा दिला, वाफ दिली तरी सैल होतं, मात्र त्यानंतर पुन्हा चूळ. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना चालवून दमवू नका.

डबी हातात आली की ती उजेडाकडे धरून बघा. झाकण उघडायचं नाही, बाहेरूनच दिसतं. घट्ट, पिवळट-हिरवट, तारा धरणारा असेल तर उत्तम. रक्ताची रेघ असेल तरी चालतो. पाण्यासारखा, वर फेस असेल तर ती लाळ, पुन्हा प्रयत्न करून घ्या. नुसतंच रक्त पडलं असेल तर डबी बाजूला ठेवून त्या माणसाला थेट डॉक्टरांकडे न्या. आणि खूप प्रयत्न करूनही लाळच आली तर? ती फेकू नका. लॅबच्या फॉर्मवर ‘लाळेसारखा नमुना’ असं लिहून पाठवा. रेणवीय तपासणीत, म्हणजे सीबीनॅट-ट्रूनॅटवर, कधीकधी अशा नमुन्यातही जंतू सापडतात.

दुसरा नमुना सकाळचा, अंथरुणातून उठल्या उठल्या, ब्रश आणि चहाच्या आधी. रात्रभर साचलेला असतो, त्यात जंतू जास्त असतात. माणूस दुसऱ्या दिवशी येण्यासारखा नसेल, उद्या कामाला जाणार असेल, तर पहिल्यानंतर तासाभराने त्याच ठिकाणी दुसरा घ्या. मायक्रोस्कोपच्या तपासणीसाठी ही एका दिवसातली पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मान्य केली आहे. पाड्यावर ती फार उपयोगी पडते. सकाळचा नमुना कधी हातात येतो, कधी येत नाही. तासाभरानेचा हमखास येतो.

चौथी पायरी: नाव कुठे लिहायचं आणि डबा कसा बांधायचा

नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर कधीच नाही.

हे मी एका शिबिरानंतर शिकले. एका टेबलावर चार डब्या उघडल्या, चार झाकणं बाजूला ठेवली आणि लावताना दोनांची अदलाबदल झाली. नावं झाकणावर होती. त्यातली एक पॉझिटिव्ह निघाली, आणि दोन्ही घरी जाऊन, दोन्ही माणसांची माफी मागून, दोन्ही नमुने पुन्हा घ्यावे लागले. ज्याला काही नव्हतं त्याच्या घरात तोपर्यंत ताटं वेगळी झाली होती.

डबीवर पूर्ण नाव, वय, निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी पोर्टलवरचा त्या माणसाचा क्रमांक), तारीख आणि वेळ हवी. पाड्यात एकाच नावाची चार माणसं असतात, म्हणून आयडी हवाच. निक्षय पोर्टलवर नोंद नमुना घेतानाच करून टाका. नेटवर्क नसेल तर वहीत लिहून रस्त्यावर रेंज आली की करा, पण डबा लॅबला पोचायच्या आधी.

बांधणी तीन थरांची. झाकण घट्ट करून त्यावर पॅराफिल्म किंवा चिकटपट्टी, मग डबी झिपच्या पाऊचमध्ये, सोबत सांडलं तर शोषून घेईल एवढा कापूस, आणि मग कडक बाहेरचा डबा, त्यात बर्फाचे पॅक. डब्या उभ्याच राहतील अशा ठेवा, थर्मोकोलात भोकं पाडली तरी चालतं. फॉर्म डब्यांच्या पाऊचमध्ये घालायचे नाहीत. ओले झालेले फॉर्म वाळवून वाचण्यात माझ्या नोकरीतले कितीतरी तास गेलेत.

थंड का ठेवायचं? रेणवीय तपासणी जंतूचा डीएनए शोधते, जंतू मेलेला असला तरी तिचं फारसं अडत नाही. पण पॉझिटिव्ह आल्यावर औषधांना दाद देतो की नाही हे बघायला कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) लागू शकतं, आणि त्याला जिवंत जंतू हवा. उन्हात आणि उकाड्यात तो मरतो, शिवाय तोंडातले इतर जंतू वाढून कल्चर खराब करतात. म्हणून सावली, गारवा आणि त्याच दिवशी पोचवणं. गाडीच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर नाही.

पाचवी पायरी: कोणत्या यंत्रावर

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला, तो रंग चढवून मायक्रोस्कोपखालीच. तीच पद्धत आम्ही सव्वाशे वर्षांनंतरही वापरत होतो. मायक्रोस्कोपला जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. एवढे जंतू असलेला माणूस बरेच दिवस आजारी असतो आणि बऱ्याच जणांना आजार देऊन झालेला असतो. सीबीनॅटच्या पहिल्या कार्ट्रिजला सव्वाशे-दीडशे जंतू पुरायचे, त्याच्या सुधारित अल्ट्रा कार्ट्रिजला वीसपेक्षाही कमी. म्हणून आता पहिली तपासणी रेणवीयच करायची, असं राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाचं धोरण आहे. तुम्हाला कुणी फक्त काचपट्टी करून परत पाठवलं तर “सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का?” असं जरूर विचारा. सरकारी केंद्रात ती मोफत आहे.

सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता डिसेंबर २०१०ची. नमुना द्रावणात मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचा, कार्ट्रिजमध्ये घालायचा, पुढचं सगळं यंत्र करतं. दोन तासांच्या आत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे की नाही, दोन्ही कळतं. अडचण विजेची आणि उकाड्याची. त्याला सलग वीज आणि थंड खोली लागते, म्हणून ते बहुतेक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच असतं.

ट्रूनॅट आपल्या शेजारचं, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कोविडच्या तपासणीसाठी ही यंत्रं गावोगाव पोचली. बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही. त्याचे दोन भाग असतात: एक डीएनए वेगळा काढतो, त्याला वीसेक मिनिटं लागतात, दुसऱ्यात चिप घालून पाऊण तासाच्या आत उत्तर येतं. पॉझिटिव्ह आला तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिनचं बघायचं, आणखी तासभर. बेडका आधी पातळ करण्याच्या द्रावणात नीट विरघळला पाहिजे. घाईघाईत गुठळी राहिली तर ती कार्ट्रिजमध्ये अडकते, यंत्र एरर देतं आणि एक कार्ट्रिज वाया जाते.

या गणितावरून दिवस आखा. ट्रूनॅट एक, दोन किंवा चार चिपांचं असतं. एकाच चिपचं यंत्र असेल तर दिवसात आठ-दहा नमुन्यांच्या पुढे जायचं नाही. मी पाड्यावरून पहिले पाच नमुने साडेदहालाच मोटरसायकलने पाठवते आणि उरलेले एकच्या आत. पहिल्याचा निकाल बारा-साडेबाराला येतो, पाचव्याचा तीनच्या सुमारास. चार मॉड्यूलच्या, म्हणजे एका वेळी चार नमुने घेणाऱ्या सीबीनॅटवर आठ तासांत सोळा होतात. तीस नमुने गोळा करून एकदम नेऊन ठेवण्यापेक्षा दहा-दहाचे तीन दिवस करणं मला पटतं. ढीग लागला की निकाल आठवड्याने येतो, आणि तोवर द्राक्षाच्या कामाचा टेम्पो निघून गेलेला असतो.

ज्यांना बेडका येतच नाही

सगळ्यात मोठा गट लहान मुलांचा. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. पूर्वी मुलाला उपाशीपोटी भरती करून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढायचे, अजूनही काढतात. आई रडते, मूल रडतं, आणि अर्धी घरं “नको, बघू नंतर” म्हणून निघून जातात. पण गिळलेला बेडका शौचातून बाहेर येतोच. २०२०पासून मुलांच्या शौचाच्या नमुन्यावर एक्सपर्ट, म्हणजे आपलं सीबीनॅट, करायला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पद्धत साधी आहे. ०.८ ग्रॅम शौच, म्हणजे भिजलेल्या काबुली चण्याएवढं, कार्ट्रिजबरोबर येणाऱ्या ८ मिलिलिटर द्रावणाच्या बाटलीत टाकायचं, जोरात हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवायचं, पुन्हा दहा मिनिटं, आणि वरचं २ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये. आईला एवढंच सांगायचं: स्वच्छ कागदावर किंवा कोरड्या भांड्यात बसवा, लघवी आणि पाणी मिसळू देऊ नका, डबीतल्या चमच्याने उचला. जिल्ह्याच्या लॅबला आधी फोन करून विचारा, सगळीकडे अजून करत नाहीत.

जिभेवरचा स्वॅब ही सध्या सगळ्यात बोलली जाणारी गोष्ट. कोविडने लोकांना स्वॅबची सवय लावली, त्यामुळे पाड्यावर कुणी घाबरत नाही. जिभेच्या मागच्या भागावर बेडक्यातले जंतू चिकटून राहतात, ते खरवडून घ्यायचे. काही खाण्या-पिण्याआधी, चूळ न भरता, जीभ बाहेर काढून मधल्या आणि मागच्या भागावर स्वॅब दाबून दहा-पंधरा सेकंद फिरवत घासायचा. नुसता टेकवून काढला तर काही येत नाही. मात्र बेडक्यापेक्षा यात जंतू कमी येतात. म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला बेडका काढता येतो त्याचा बेडकाच घ्या. स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून माणसाला मोकळं सोडू नका. आणि तुमच्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी त्यासाठी किट आणि परवानगी दिली असेल तरच हा मार्ग धरा, घरचा स्वॅब घरच्या पद्धतीने यंत्रात घालू नका.

एचआयव्ही असलेल्या आणि खूप आजारी माणसासाठी लघवीची एक पट्टी आहे, तिला लॅम म्हणतात. लघवीचे थेंब टाकून पंचवीस मिनिटांत वाचायची. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात विचारा. बाकीच्यांसाठी ती नाही.

खाऱ्या पाण्याची वाफ देऊन बेडका आणवण्याची पद्धत दवाखान्यातच करायची, पाड्यावर नाही. त्यात हवेत जंतू फार उडतात आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते.

मानेत गाठ असेल तर तिच्यातला पू किंवा सुईने काढलेला अंश सीबीनॅटला जातो. इथे एक विनंती, शक्य असेल तर अधोरेखित करून: तो सलाइनमध्ये पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. एका मोठ्या रुग्णालयातून एका मुलीच्या गाठीचा तुकडा आला होता, चीर देऊन काढलेला, व्यवस्थित लेबल लावलेला आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. फॉर्मॅलिनने जंतू मेलेला असतो, कल्चर होत नाही, डीएनएही बिघडतो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मिळाला, पण औषधाला दाद देतो की नाही हे कधीच कळलं नाही. त्या मुलीला दुसऱ्यांदा चीर द्यायला कोण सांगणार होतं? तुकडा काढायच्या आधी नातेवाइकांनीच डॉक्टरांना म्हणावं, “साहेब, अर्धा भाग सलाइनमध्ये ठेवाल का, सीबीनॅटसाठी?”

या वाटेला जाऊ नका

रक्तातून टीबी ओळखणाऱ्या अँटिबॉडी तपासण्यांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली, कारण त्यांचं उत्तर भरवशाचं नव्हतं. तरीही कुणी “रक्तात टीबी निघाला” असं सांगितलं तर कागद बघा.

इग्रा (हीही रक्ताचीच, पण अँटिबॉडी न शोधणारी) आणि त्वचेवरच्या चाचण्या वेगळ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवायटीबी त्वचेवरचीच. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी बघायचं, ५ मिलिमीटर किंवा जास्त गाठ असली तर पॉझिटिव्ह, बीसीजी घेतलेली असली तरी. पण ती अंगात जंतू शिरलेला आहे एवढंच सांगते, आजार झालाय असं नाही. रुग्णाच्या घरातल्या माणसांना प्रतिबंधक औषध द्यायचं का हे ठरवायला ती कामाची. खोकणाऱ्या माणसाचा निदानाचा प्रश्न तिने सुटत नाही.

आणि खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या नमुना देण्याआधी घेऊ नका. त्या टीबीच्या जंतूलाही थोड्या मारतात, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, तपासणी चुकते आणि आजार मागून वाढून येतो.

निकाल आल्यावर

पॉझिटिव्ह निकाल फोनवर ओरडून सांगू नका आणि ग्रुपवर तर टाकूच नका. आशाताई घरी जाते, “काका, कागद आलाय, आत बसून बोलू या का?” असं म्हणते आणि मगच सांगते. त्याच बैठकीत औषध कधी सुरू होणार ते, एचआयव्ही आणि साखरेची तपासणी, घरातल्यांची यादी आणि बँक पासबुक. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये (१ नोव्हेंबर २०२४पासून, त्याआधी ५०० होते) खात्यात येतात, पण खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकतात. शंका असेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा टोल-फ्री क्रमांक आहे.

आधी टीबीची औषधं घेतलेल्यांचा निकाल पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांना जुना इतिहास नक्की सांगा. मेलेल्या जंतूंचा डीएनएही यंत्र पकडतं, त्यामुळे अशा माणसात कल्चर करून खात्री करावी लागते.

निगेटिव्ह आलेल्यांकडे मात्र कुणी परत जात नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. खोकला तसाच असेल, वजन घटतंच असेल, तर एक्स-रे आणि डॉक्टर, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बेडका. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी अशी नावं पेन्सिलीने लिहिते. बरं वाटलं की खोडते.

शिबिर संपल्यावर जागेवर एकही डबी, कापूस किंवा मोजा राहू देऊ नका, चुलीत जाळू नका, ओढ्यात टाकू नका. सगळं परत लॅबला. तिथे डब्यांची झाकणं उघडून त्या पाच टक्के फिनॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायच्या, मगच विल्हेवाट. साडी मात्र घरी आणते, साबणाच्या पाण्यात उकळून दिवसभर उन्हात टाकते. पुढच्या पाड्याला तीच लागते.